उचललेली चटई

डनेडिन, ११ मार्च १९८३

आत्या,

पोचले. सामान सगळं आलं, फक्त तू पहाटे उमूच्या भट्टीत भाजून बांधून दिलेला तारोचा कंद विमानतळावरच्या बाईंनी काढून घेतला. माझ्या आत्याने दगड तापवून भाजलाय तो, असं मी सांगून पाहिलं. त्या गोड हसल्या आणि पुडकं कचऱ्याच्या पेटीत टाकलं. मी तिथेच रडले असते, पण मागे रांग होती.

वसतिगृहात मला अख्खी खोली दिली आहे, एकटीला. चार भिंती, एक दार, आणि दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं. पहिल्या रात्री मी दार उघडं ठेवून झोपले, तर शेजारची मुलगी येऊन म्हणाली की वारा येतोय, आणि तिने ते ओढून घेतलं. आपल्या घराला नुसते खांब. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी मासळी शिजतेय, नुसती मान वळवली की कळतं. इथे माणसं भिंतीपलीकडे राहतात आणि खोकली तरच असतात.

जेवणघरात मी माझी जागा शोधून ठेवली आहे. लांब टेबलाच्या अगदी डाव्या टोकाची, भिंतीला लागून. तिथे बसलं की सगळी माणसं एका बाजूला येतात. मुली वाईट नाहीत, पण भरभर बोलतात आणि एकमेकींच्या बोलण्यावर बोलतात. त्या हसल्या की मीही हसते. काल मी अशीच हसले, तेव्हा एकजण तिचे आजोबा गेल्याचं सांगत होती. त्यानंतर त्या माझ्याशी जपून वागतात.

लहानपणी पहाटे नारळ खवताना मला वाटायचं, एकदा तरी सकाळ होईपर्यंत झोपू देत. आता झोपायला कुणी अडवत नाही आणि झोप येत नाही. तुझा आवाज नसतो ना. पण उजव्या कुशीवर वळलं की सगळं शांत होतं. मग इथलं काय आणि तिथलं काय, सारखंच.

तीन वर्षांनी येईन आणि आपल्याच शाळेत शिकवीन. तोवर पत्र लिहीत जा. अक्षर कसंही येऊ दे.

तुझी सेउला


वाइमोआ, सावाइई
८ मे १९८३

सेउला,

आधी काहीतरी खाऊन घे, मग वाच. मी इथून ओरडले तरी तू जेवायची नाहीस, म्हणून पत्राच्या डोक्यावरच लिहिते.

माझ्या अक्षराला कसंही म्हणणारी तू कोण? पाद्र्यांच्या बायकोने मला वाचायला शिकवलं तेव्हा तुझा बाप नागडा फिरत होता. त्या बापाचं काही कळलं तर कळव. ऑकलंड तुझ्या त्या गावापासून लांब आहे का? असलं जवळ तरी तू जाऊ नकोस. त्याने नवं घर मांडलंय, तिथे तुला कोण कालवण वाढणार आहे? तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस आणि तो बंदरावर होता. तेवढं पुरे.

आणि कोपऱ्यात काय बसतेस? आपण गरीब असू, पण घराण्याने काही कमी नाही. मधे बस. माणसं एका बाजूला घेऊन बसायला तू काय सभापती आहेस? तुझी ही खोड जुनीच. चार हाका मारल्या तरी ओ द्यायची नाहीस, पाचव्या हाकेला दचकून बघायचीस. रात्री मी शेजारी पडून त्या खेकड्याची गोष्ट सांगायचे, वर्षभर पुरवली ती तुला, तर तू आपली हं हं करत राहायचीस. शेवटी खेकडा कुठे पोचला तिथे दगडसुद्धा हसला असता. तू हसली नाहीस. मी म्हटलं, हिचं मन कुठे भलतीकडेच आहे. ते पुस्तकात होतं म्हणून आज तू तिथे आहेस, म्हणून माफ.

एतेउआती मास्तर दर रविवारी चर्चबाहेर थांबवून तुझी चौकशी करतात. परवा विचारत होते, वर्गातलं सगळं नीट कानावर पडतं का तिच्या? मी म्हटलं, इंग्रजी तुम्हीच शिकवलीत, मग पडेल नाही तर काय. दिवेलागणीनंतर आपल्या घरी येऊन तुला फुकट शिकवायचे, दुसऱ्या कुणाच्या पोरीला शिकवलं होतं का त्यांनी? त्यांना दोन ओळी लिहायला तुझे हात मोडतात का?

तुझ्या पदवीच्या दिवशी अंगावर नेसायला तलम चटई विणायला घेतली आहे. केवड्याची पाती आणून ठेवलीत, सोलून समुद्रात भिजत घालायचीत. या वेळी पाती काढायला मलाच जावं लागणार. कापेनी कुत्रा रोज तुझ्या जागेवर झोपतो, मी हाकलते, तो परत येतो.

आत्या


डनेडिन, ३ मार्च १९८५

आत्या,

गेल्या वर्षभरात मी तुला चार-चार ओळींचीच पत्रं पाठवली. रागावू नकोस. लिहायला बसलं की थंडीचं लिहावं लागतं, आणि थंडीचं किती लिहिणार?

हे शेवटचं वर्ष. मार्क चांगले पडतात. रविवारी मी चर्चला जाते, तिथे आपलं कुणी नाही. भजन सुरू झालं की मी ओठ हलवते. मग समुद्रावर जाते. समुद्र आपलाच आहे, पण पाय बुडवता येत नाही इतका गार. एक म्हातारा रोज कुत्रा घेऊन येतो आणि मला हात करतो. आठवडाभरात माझ्याशी स्वतःहून बोलणारा तो एकच माणूस. काय बोलतो ते वाऱ्यामुळे कळत नाही, मीही हात करते.

एक सांगायचं होतं. इथल्या एका प्राध्यापिका म्हणतात की मी आणखी दोन वर्षं राहावं आणि मुलांना शिकवायचं एक वेगळं शिक्षण घ्यावं. खर्चाचं त्या बघतील. पुढे नोकरीही इथेच मिळेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

गावच्या शाळेत नवा मुख्याध्यापक यायचा होता, तो आला का? की मास्तरच आहेत अजून?

सेउला


वाइमोआ
१९ मे १९८५

सेउला,

आता जे सांगते ते बसून वाच. आपल्या घरासमोर इफोगा झाला, चटई पांघरून माफी मागायला माणसं आली. आपल्या, या गळक्या छपराच्या घरासमोर.

मी जन्मात एकच पाहिला होता, तोही लहानपणी, ट्रकखाली पोर गेलं तेव्हा. परवा पहाटे मी झावळ्यांचे पडदे वर गुंडाळले तर समोरच्या खडीवर तिघं बसलेले. डोक्यांवरून तलम चटई, तोंडं झाकलेली, माना खाली. पुढ्यात सरपणाची मोळी, उमूचे दगड, केळीची पानं. म्हणजे, आम्ही अपराधी आहोत, तुमच्या मनात आलं तर आम्हालाच भाजा. मला वाटलं, बिचारे घर चुकले. मग पाय बघितले. उजव्या पायाची दोन बोटं साखरेच्या आजारात गेलेला माणूस गावात एकच आहे. एतेउआती मास्तर! शेजारी त्यांची बायको सोसेफिना आणि भाऊ इओआने.

आपल्या घरचा कर्ता तुझा बाप, तो तिकडे. म्हणजे मीच. सगळं गाव आपापल्या खांबांमागून बघत होतं. चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर ती माणसं तशीच बसून राहणार, आणि पुढे कुणाचं डोकं कधी फिरेल सांगता येत नाही. तेवढ्यात पाऊस आला. चटई भिजायला लागली, सोसेफिना खोकायला लागली. मी मनात म्हटलं, यांनी असं केलंय तरी काय? तुला छड्या मारल्या असतील. छड्या कुणाला चुकल्यात? तुझ्या बापाच्या पाठीवर तर मास्तर लोकांनी शेती केली होती. आणि तेवढ्यासाठी शाळेचा मुख्य माणूस चटया विणणाऱ्या बाईसमोर गुडघे टेकतो, हे मला पाहवेना.

मी पावसात गेले आणि चटई उचलली. म्हटलं, "उठा मास्तर, गुडघे दुखतील."

पोरी, तो माणूस रडला. लहान पोरासारखा रडला. मग आत येऊन बसले, मी कोको उकळला, इओआनेने वक्त्याची काठी टेकून भाषण केलं. म्हणाला, "जो हात या घरच्या लेकरावर जड पडला होता, तो या घराने आज हलका केला." गावातल्या बायका त्या दिवसापासून मला आधी नमस्कार करतात. मी काही मान उंच करत नाही, पण आपोआप होते.

चटई आपल्याकडे राहिली, रीतच आहे. सोसेफिनाच्या आईच्या हातची आहे, कापडासारखी मऊ. काठाला लाल पिसं. मी उजेडात धरून वीण बघितली, माझ्याच्याने असं जमणार नाही. माझी चटई अजून अर्धीच आहे, तर पदवीला तू हीच नेस.

आणि आता झालं गेलं संपलं. चटई उचलली की तो विषय कुणी काढायचा नाही, पोराबाळांनीसुद्धा नाही, हे तुला सांगायला नको. मास्तर वर्षाअखेर निवृत्त होतायत, त्यांचा वर्ग तुझ्यासाठी मोकळा होतोय. त्या दोन वर्षांचं डोक्यातून काढ. माझी नजर कमी होतेय, सुई ओवायला शेजारच्या पोरी लागतात. घरी ये.

आत्या


डनेडिन, १६ जून १९८५

आत्या,

ती चटई मला नको.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. दहा वर्षांची होते तेव्हापासून. तू हाका मारायचीस आणि मी ओ द्यायचे नाही, ते या कानामुळे. इथे मी कोपऱ्यात बसते तेही यासाठीच, म्हणजे सगळी माणसं चांगल्या कानाकडे येतात. तरी अर्धं निसटतं. भजनात मी ओठ हलवते कारण सूर कुठून येतोय ते कळत नाही. तू मला हेकट म्हणायचीस, शेजारी शिष्ट म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचे.

तुला आठवतं का, तू चर्चच्या मोठ्या घरासाठी चटई विणत होतीस आणि पाती समुद्रात भिजत होती? भरती यायच्या आत ती काढायला तू मला काळोखात पाठवलं होतंस. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जुड्या सोडवल्या, मग नारळ खवले, मग शाळेत गेले आणि बाकावर डोकं ठेवून झोपले. मास्तरांनी उठवलं नाही. त्यांनी पंजा उघडून एकच मारली, कानावर. छडी नाही, आत्या. छड्यांचं मला काही नाही. त्या एका मारानंतर माझ्या डोक्यात एक शीळ वाजायला लागली आणि ती बंद झाली तेव्हा त्या बाजूचं सगळंच बंद झालं होतं. कानातून पाणी यायचं. तू म्हणालीस, समुद्रात डुंबतेस म्हणून. तू खोबरेल कोमट करून घालायचीस आणि मांडीवर डोकं दाबून धरायचीस. मला ते आवडायचं, म्हणून मी काही बोलले नाही.

पण खरं कारण ते नव्हतं. तू कोयता घेऊन शाळेत गेली असतीस. मग माझी शाळा सुटली असती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करून घेणारे आख्ख्या जिल्ह्यात ते एकटेच होते. त्या महिन्यापासून ते दिवेलागणीला आपल्या घरी यायला लागले, ते का ते तुला कळलं नाही, मला कळलं होतं. ते माझ्या उजवीकडे बसायचे. कधी एका शब्दाने काही बोलले नाहीत. इंग्रजी, गणित, भूगोल, सगळं त्यांनी मला त्या उरलेल्या कानातून घातलं. इथे कुणी विचारलं की तुला इतकं चांगलं कुणी शिकवलं, तर मी त्यांचंच नाव सांगते. आणि डॉक्टरांनी विचारलं की कानाला काय झालं, तर सांगते की आंब्याच्या झाडावरून पडले.

बारा वर्षं मी एकच गोष्ट सांभाळून ठेवली होती. एक दिवस ते माझ्यासमोर येतील, मला सांगतील, आणि मग मी ठरवीन. मी काय ठरवलं असतं ते मलाही माहीत नाही. ते ठरवणं माझं होतं. तू पावसाला भिऊन ते देऊन टाकलंस, कोको पाजून. आता गावात कधी तोंड उघडलं तर मीच रीत मोडणारी ठरेन. चटई तुझ्यासमोर आली, पण कान माझा होता.

प्राध्यापिकांना मी हो म्हटलं आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना शिकवायचं ते शिक्षण आहे. दोन वर्षांनंतरही मी येणार नाही. पदवी घेताना अंगावर काहीही नसलं तरी चालेल.

सेउला


वाइमोआ
१४ जुलै १९८५

सेउला,

तुझं पत्र आलं. वाचून मी ते घडी करून बायबलात ठेवलं, मग काढून परत वाचलं. खोबरेलाची बाटली खांबाला अजून टांगलेली आहे. ती मी फोडून टाकली.

मी मास्तरांच्या घरी गेले. कोयता नेला नाही. नेऊन उपयोग काय, माझेच हात बांधलेत, मीच बांधून घेतलेत. सोसेफिनाने बसायला दिलं, कोको दिला, मी प्यायले. विषय काढता येत नाही म्हणून नुसती त्यांच्याकडे बघत बसले. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांना समजलं की मला आत्ता समजलंय.

म्हणाले, "मातालेना, मला वाटलं तुला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणूनच वाटलं की केवढ्या मोठ्या मनाची बाई."

मी उठून आले. वाटेत लोकांनी नमस्कार केले, ते मला घेववेनात. मोठ्या मनाची नाही गं मी. मला पावसाची आणि लोकांची लाज वाटली, एवढंच. आणि दहा वर्षं शेजारी झोपणाऱ्या पोरीला ऐकू येतं की नाही, हे मला कळलं नाही. त्यांच्या चटईवर मी आता नजरसुद्धा टाकत नाही. गुंडाळून आढ्याला लावली आहे. उचललेली चटई परत त्यांच्या डोक्यावर कशी ठेवू ते मला कुणी सांगेल का?

तू दोन वर्षं शीक. दहा वर्षं शीक. मी येऊ नकोस म्हणत नाही आणि ये असंही म्हणत नाही, मला तो हक्क राहिला नाही. एक ओळ लिही फक्त. शिवी लिहिलीस तरी चालेल.

आत्या


वाइमोआ
१ सप्टेंबर १९८५

सेउला,

बोट येते तेव्हा मी पोस्टात जाते. पोस्टातला आता मला बघूनच मान हलवतो.

तुला सांगितलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून तरी कळेल, म्हणून सांगते. गावात म्हणतात मातालेनाचं डोकं फिरलं. परवा पहाटे मी सरपणाची मोळी आणली, दगड आणले, पानं आणली, आणि खडीवर जाऊन बसले. आपल्याच घराकडे तोंड करून. डोक्यावर तुझी चटई घेतली, मी विणतेय ती. अर्धीच आहे, न विणलेली पाती डोळ्यांवर लोंबत होती, त्यातून मला आपलं घर दिसत होतं. तुझी झोपायची जागा दिसत होती. तिथे कापेनी बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.

बायका आल्या. म्हणाल्या, अगं उठ, घरात कुणी नाही, तू कुणापुढे बसलीस? पण चटईखाली बोलायचं नसतं. पाद्री आले, तेही बोलून गेले. मग मास्तर आले. माझ्या मागे जरा अंतरावर तेही खाली बसले, उघड्या डोक्याने, त्या दुखऱ्या पायावर. माझ्या मागे बसायचं त्यांना मी सांगितलं नव्हतं आणि उठा असंही सांगितलं नाही. ऊन चढलं, नीरफणसाची सावली फिरून गेली. आत कुणी नव्हतं, तर चटई उचलणार कोण? शेवटी कापेनी उठून आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मग मी माझी मीच उठले. त्याने काही होत नाही, ते माफीत मोजायचं नसतं, मला माहीत आहे.

पण बसल्या बसल्या मला एक आठवलं. मी रात्री तुझ्या डाव्या बाजूला झोपायचे. उजवीकडे खांब होता ना.

आत्या


डनेडिन, ६ ऑक्टोबर १९८५

आत्या,

तुझं जुलैचं पत्र मी उघडलंच नव्हतं. दोन्ही आत्ता एकदम वाचली, खोलीचं दार लावून, आणि मोठ्याने रडले. भिंती असल्याचा एवढाच फायदा. मग शेजारची मुलगी आली, तीच, आजोबा गेलेली. काय झालं म्हणाली. मी तिला माझ्या उजवीकडे बसवलं आणि सगळं सांगितलं, कानापासून कापेनीपर्यंत. अडीच वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, म्हणजे तेव्हा तू माझ्यावर हसली नव्हतीस?

अर्ध्या चटईखाली, उन्हात, रिकाम्या घरापुढे बसणारी बाई तुझ्याशिवाय दुसरी असूच शकत नाही. ती चटई मला कागदावरून उचलता येत नाही. हाताने उचलावी लागते. म्हणून डिसेंबरमध्ये येते आहे. दोन महिने राहीन आणि फेब्रुवारीत परत येईन, ते शिक्षण मला हवंच आहे. त्यानंतर कायमची घरी. आपल्या जिल्ह्यात कोपऱ्यात बसणारी आणखी किती मुलं आहेत ते कुणी बघितलंय? मी येईपर्यंत तू खडीवर बसू नकोस. दगड आत घे, कुणाला तरी ठेच लागेल. आणि पदवीला मी तुझीच चटई नेसणार, जेवढी झाली असेल तेवढी. पाती लोंबली तर लोंबू देत.

मास्तरांचं. तू उचललीस ती चटई उचललेली, मी ती परत ठेवायला सांगणार नाही आणि गावात तोंड उघडणार नाही. पण ती माफी तुझी होती. माझी अजून माझ्याकडेच आहे. चर्चमध्ये मी त्यांना माझ्या डावीकडे बसवीन. काय बोलायचं ते बोलू देत. पुढे कधी बाजू बदलेन की नाही, ते आज मला माहीत नाही, आणि या वेळी माझ्या वतीने तू ते सांगायचं नाहीस.

तू मात्र मी आल्यावर माझ्या उजवीकडे झोप. खांब मधे येत असेल तर आपण डोकं दुसऱ्या बाजूला करू. हे बारा वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं, पण तेव्हा सुचलं असतं तर तुला कळलं असतं. आणि ती गोष्ट परत सांग. पहिल्यापासून नको, सुरुवातीची मला पाठ आहे. खेकडा झाडावर चढायला लागतो, तिथपर्यंत मला ऐकू आलं होतं. तिथून पुढे सांग.

तुझी सेउला